कंट्रोलच्या बरण्या

आमच्या घरमालकीण काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तोपर्यंत मागायचं काम आमच्याकडेच असायचं. पाणी थोडं जास्त वेळ सोडा, पाहुणे आलेत तर एक सतरंजी द्या, असं. चाकणच्या पुढे एका गावात त्यांच्या आठ खोल्या आहेत, एका ओळीत, वर पत्रा. वडील लातूरकडून इथल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये कामाला आले तेव्हापासून त्यातली तिसरी खोली आमची. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. त्यामुळे मी पर्यावरणशास्त्रात नेमकं काय शिकते हे घरात कोणालाच सांगता यायचं नाही. आई सांगायची, "हवापाण्याचं शिकते."

काकूंनी मात्र त्यातून स्वतःपुरतं काहीतरी समजून घेतलं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी मी नळावर होते तेव्हा त्या खुरपं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या कालिजात मातीचं बघत्यात का गं?"

"बघतात ना काकू."

"मग चल जरा माझ्यासंगट."

खोल्यांच्या मागे त्यांची वीस गुंठे जमीन आहे. बाकीची कधीच गेली, काही कंपनीत, काही रस्त्यात. राहिलेल्या तुकड्यात त्या मेथी, कोथिंबीर, थोडे कांदे करतात. त्यांनी एका वाफ्यात खुरपं घालून माती उलटी केली. दोन गांडुळं वळवळत बाहेर आली. मग त्या पलीकडच्या पट्ट्यात गेल्या. तिथे मातीवर काळसर भुकटी पसरलेली होती. तिथे त्यांनी तीन ठिकाणी खुरपं घातलं. काहीच निघालं नाही.

"दिवाळीच्या आदी हितं बी व्हती," त्या म्हणाल्या. "हे काळं खत टाकलं, तवापासनं न्हाईत."

ते खत त्यांच्या मुलानं आणलं होतं. मी त्यांना दादा म्हणते. जवळच्या एका कंपनीच्या सांडपाण्याच्या प्लांटमध्ये जो गाळ उरतो, तो वाळवून एक ठेकेदार डंपरनं फुकट देत होता. दादांचं म्हणणं होतं की जमीन खोलगट आहे, भराव पण होतो आणि खत पण होतं. आता उरलेल्या सगळ्या रानावर तो टाकून घ्यायचं ठरत होतं. काकूंना ते नको होतं. पण नको का, हे त्यांना पोराला पटेल असं सांगता येत नव्हतं.

दादा वाईट माणूस नाही. मी समोर असतानाच काकूंनी विषय काढला तेव्हा ते हसले. "आई, गांडुळांसाठी रान ठेवायचं का राव? त्यांची काय भाडीकरू म्हणून नोंद हाय का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय शास्त्रज्ञ, तुमी सांगा. कॉलेजच्या कागदावर लिहून आणा की हे वाईट हाय. पाडव्यापर्यंत थांबतो मी. मग एक डंपर येऊ देणार न्हाई, शब्द देतो."

त्यांनी मोबाईलमध्ये ठेकेदारानं पाठवलेला एक तक्ता दाखवला. त्यात गाळात कोणता पदार्थ किती आहे त्याचे आकडे होते. मी तो आमच्या मॅडमना दाखवला. त्या माझ्या प्रोजेक्टच्या गाइड होत्या. म्हणाल्या, "गाळात काय आहे ते यावरून कळतं. गांडुळांना काय होतं ते कळत नाही. ते गांडुळांनाच विचारावं लागतं." माझा प्रोजेक्टचा विषय अजून ठरत नव्हता. तो त्या दिवशी ठरला.

ही चाचणी सांगायला सोपी आहे. जमिनीत राहणाऱ्या जिवांना एखाद्या पदार्थापासून धोका आहे का, हे पाहायचं असेल तर सारख्या बरण्या घ्यायच्या. प्रत्येकीत सारखी माती, सारखी ओल, सारखी दहा-दहा मोठी गांडुळं. काही बरण्यांत तो पदार्थ थोडा, काहींत जास्त. आणि चार बरण्यांत काहीच घालायचं नाही. त्या चार म्हणजे कंट्रोल. कंट्रोलमधली गांडुळं जगली पाहिजेत. ती जगली, तरच बाकीच्या बरण्यांमधल्या मरणाला अर्थ. नाहीतर कोण कशानं मेलं हे सांगता येत नाही. चार आठवडे ठेवायचं, आठवड्यातून एकदा वर थोडं शेण खायला घालायचं, आणि शेवटी मोजायचं.

माती बाहेरची घेत नाहीत. वाळू, चिनीमाती आणि नारळाचा भुसा मिसळून बनवतात. काकूंना हे सांगितलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला. "माती बी इकत आणून करत्यात? येड्याचा बाजार गं तुमचा."

पण खायला शेण लागेल म्हटल्यावर त्या सावरून बसल्या. "शेण माझं न्यायचं. दुसरं कुणाचं न्हाई."

मॅडमनी बजावलं होतं की जनावराला औषध दिलेलं नसावं. मी विचारलं, "काकू, गाईला एवढ्यात काही औषध वगैरे दिलंय का?"

"न्हाई गं. ठणठणीत हाय ती. आज सोमवार. गुरुवारी ये न्यायला. चांगलं देते."

मी 'गुरुवारपर्यंत कशाला' असं विचारलं नाही. माणूस देतो म्हणतोय तर त्याच्या सोयीनं घ्यावं, एवढंच मला कळत होतं.

गुरुवारी त्यांनी एका नव्या झाकणाच्या बादलीत शेण भरून ठेवलं होतं. बादलीला हळदीकुंकू तेवढं लावायचं राहिलं होतं. ताथवड्याच्या कॉलेजला जायला मला दोन बस बदलाव्या लागतात. भोसरीच्या बसमध्ये कंडक्टरनं बादलीकडे बोट केलं. "काय हाय ताई?"

"शेण."

"काय?"

"शेण. कॉलेजला न्यायचंय."

"आम्ही कॉलेजला जाऊन शेण खाल्लं," कंडक्टर म्हणाला, "तुमी घेऊनच चालला?" सगळी बस हसली. मीपण हसले. त्या दिवशी मला खूप बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकत असलेल्या गोष्टीची कोणालातरी गरज होती.

शेण वाळवलं, चाळलं, दळलं. काकूंच्या रानातली काळी भुकटी तोलून मातीत मिसळली. गांडुळं एकेक करून पाण्यानं धुतली, टिपकागदावर ठेवली, वजन केलं. ती हातात थंड लागतात आणि बोटाच्या उबेनं लगेच अंग आक्रसून घेतात. फेब्रुवारीच्या मधल्या एका दिवशी मी बरण्यांवर तारीख घातली आणि त्या दिवा असलेल्या कपाटात ठेवल्या, कारण उजेड असला की गांडुळं मातीतच राहतात.

पहिल्या आठवड्यात काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात शेण घालायला झाकण उघडलं तर एका कंट्रोलच्या बरणीत तीन गांडुळं वर, काचेला चिकटून होती. ती आत जायला हवी होती. एक हलवलं तर सैल दोरीसारखं पडून राहिलं. दुसरी बरणी पाहिली. तिथेही तसंच. भुकटीच्या बरण्यांतही तसंच.

मी झाकण लावलं.

इथून पुढचं लिहायला मला जड जातं. त्याच दिवशी मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी सगळं ओतून पुन्हा सुरू करायला लावलं असतं. पाडव्याला पाच आठवडे होते, नवी चाचणी बसली असती. पण मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. पाणी जास्त झालं असेल. प्रकाश कमी पडला असेल. बाकीच्या मुलांच्या घरी कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक. ती मॅडमशी सहज बोलायची. मी प्रत्येक वेळी दाराशी थांबून वाक्य मनात जुळवायचे आणि ते जुळेपर्यंत मॅडम तासाला निघून जायच्या. मी स्वतःला सांगितलं, पुढच्या आठवड्यात बघू, खाली गेली असतील. आणि मी नियमाप्रमाणे पुन्हा वरून शेण घातलं.

रोज संध्याकाळी काकू ओट्यावर विचारायच्या, "काय म्हणत्यात तुझी गांडुळं?"

"आहेत काकू."

"शेण खात्यात का?"

"खातात."

त्या समाधानानं मान हलवायच्या. "खातील. माझ्या गाईचं हाय."

चौथा आठवडा संपला तेव्हा ट्रेमध्ये बरण्या ओतल्या. लॅबमधले मामा मदतीला होते. ते तिथे पंचवीस वर्षं काचसामान धुतात आणि प्रत्येक प्रयोग त्यांनी आमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेला आहे. पहिली कंट्रोलची बरणी. दहापैकी एक जिवंत. दुसरी, काही नाही. तिसरीत दोन. चौथीत नुसती माती आणि एक वास. भुकटीच्या बरण्यांतही जवळपास सगळी गेलेली.

मामा ट्रे पुसत हळूच म्हणाले, "पोरी, त्या कोपऱ्यातल्या ड्रममध्ये गांडुळं आहेत. चाळीस उचल, कंट्रोलमध्ये सोड, आणि मग मॅडमला बोलव. भुकटीवाली मेलेलीच आहेत. झाला तुझा रिझल्ट. कोणाला कळतंय?"

मला कळत होतं की यानं नेमकं काय होईल. कंट्रोल जिवंत, भुकटीची मेलेली. कागदावर स्पष्ट धोका. दादांनी शब्द दिलेला होता, आणि ते शब्द पाळतात. काकूंचं रान वाचलं असतं. मी ड्रमचं झाकण उघडलं. हात कोपरापर्यंत आत घातला. आतली जिवंत गर्दी बोटांना लागली.

पण ती भुकटी खरंच वाईट आहे का, हे मला माहीत नव्हतं. बरण्यांतली गांडुळं भुकटीशिवायही मेली होती. मग भुकटीनं किती मारली, आणि मारली की नाही, यातलं काहीच मी सांगू शकत नव्हते. काकूंच्या पट्ट्यात गांडुळं नव्हती हे खरं. पण ती कशानं गेली हेच तर विचारायला मी निघाले होते. उत्तर माहीत नसताना उत्तर लिहायचं. ते लिहिलं असतं तर बरं झालं असतं का? मी अजून स्वतःला हे विचारते. मी हात बाहेर काढला तो काही फार ठामपणे नाही. मामा म्हणाले, "बघ बाई तुझं तू."

मॅडम आल्या, त्यांनी ट्रे पाहिले आणि खुर्चीवर बसल्या. "कंट्रोल गेला म्हणजे टेस्ट गेली," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "हे एका दिवसात झालेलं नाही. तुला कधी दिसलं?"

"दुसऱ्या आठवड्यात."

"मग?"

"नियमाप्रमाणे पुन्हा शेण घातलं." 

"शेण कुठलं?" त्यांनी विचारलं.

घरी आल्यावर मी गोठ्यात गेले. काकू गाईला वैरण टाकत होत्या. मी विचारलं, "काकू, मी शेण नेलं तेव्हा गोठ्यात काही केलं होतं का?"

त्यांचा चेहरा खुलला. "केलं म्हंजे? तुझ्यासाठी गोठा घासूनपुसून लखलखीत केला व्हता. गोचीड झाले व्हते लई. म्हटलं, कालिजात आपल्या शेणात गोचीड निघाला तर काय म्हणतील? पोरीची मान खाली जाईल. मंगळवारी गोचिडाचं औषध आणलं, पंपानं सगळी फरशी फवारली, भिती फवारल्या. गाईला न्हाई हां मारलं, तू म्हणाली व्हतीस. मग त्या स्वच्छ फरशीवरचं गोळा केलं. का गं?"

मी सोमवारी विचारलं होतं. त्यांनी खरं सांगितलं होतं. मंगळवारी त्यांनी माझ्या मानासाठी गोठा स्वच्छ केला. गोचिडाचं औषध किड्यांना मारतं, आणि मातीतल्या जिवांचीही ते गय करत नाही. ते फरशीवरून शेणात आलं, शेणातून बरण्यांत. वाळवताना, चाळताना, दळताना मी ते सगळीकडे सारखं मिसळलं होतं. आणि दर आठवड्याला वरून घातलं होतं.

"का गं?" त्यांनी पुन्हा विचारलं. "माझ्या शेणानं काय झालं का?"

"नाही काकू. माझं चुकलं. मापात चुकले मी."

हे अगदीच खोटं नव्हतं. गोठा कसा ठेवता, खाली काय मारता, हे विचारायचं काम माझं होतं. दुसऱ्या आठवड्यात बोलायचं कामही माझंच. पण ते अर्धंच खरं होतं, आणि काकूंना ते पुरलं. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "असूं दे. लहान हाईस. पुन्ना कर."

"पुन्हा करायला महिना लागेल काकू. आधी नवी गांडुळं मातीला सरावावी लागतात."

पाडवा अडीच आठवड्यांवर होता.

मॅडमनी मला कॉलेजच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. त्याहून जास्त त्या लिहू शकत नव्हत्या. कंट्रोल गटातील मृत्यू मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे चाचणी ग्राह्य नाही, गाळाच्या परिणामाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. मी त्यांना विचारलं, तक्रार करता येईल का. त्या म्हणाल्या, येईल, प्रदूषणाचं बघणाऱ्यांकडे, पण कोणाच्या रानाबद्दल आणि कोणाच्या नावानं करणार ते ठरव. मी काकूंना हे सांगितलं तर त्या नुसत्या म्हणाल्या, "पोराच्या विरुद्ध?" मी तो विषय तिथेच सोडला. आम्ही त्यांच्याच पत्र्याखाली राहत होतो, हेही माझ्या मनात आलं. हे लिहून ठेवते, कारण आलं होतं.

दादांनी तो कागद दोनदा वाचला. मन लावून वाचला. "यात धोका हाय असं कुठंच लिवलेलं न्हाई," ते म्हणाले.

"धोका नाही असंही नाही लिहिलेलं, दादा. कळलं नाही, असं लिहिलंय."

"कळलं न्हाई म्हंजे सापडलं न्हाई ना?"

"तसं नाही. मी पुन्हा केलं तर..."

"ताई, मी दोन महिने थांबलो. थांबलो का न्हाई? ठेकेदाराला रोज टाळतोय. तुमी जर म्हणला असता वाईट हाय, तर मी बंद केलं असतं." त्यांनी कागदाची नीट घडी करून मला परत दिली. "आता काय सांगू त्याला? गांडुळं मेली, पण कशानं ते म्हाईत न्हाई? हसंल तो."

मी कागद पिशवीत ठेवला. शेणाचं सांगितलं असतं तरी कागद बदलला नसता. फक्त काकूंना कळलं असतं.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी माझी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्ट चाळला आणि विचारलं, "कंट्रोल का मेला?" मी सगळं सांगितलं. गोठा, फरशी, औषध, माझं न विचारणं, माझं न बोलणं. सांगताना एकदाही अडखळले नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. सर म्हणाले, "बहुतेक मुलं आकडे जुळवून आणतात. तू अपयश नीट समजून घेतलंस." त्यांनी मॅडमकडे पाहून मान हलवली. मॅडमनी नंतर बाहेर येऊन सांगितलं की वर्गात सगळ्यात चांगले गुण मला मिळालेत. मी भोसरीला उतरले, तिथे आईला फोन केला. ती फोनवरच रडायला लागली.

गावात पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. खोल्यांच्या मागे डंपर उभा होता. दुसरा रस्त्यावर मागे येत होता आणि दादा हात हलवून त्याला "येऊ दे, येऊ दे" म्हणत होते. अर्ध्याहून जास्त रान काळं झालं होतं. कांद्याची पात एका कडेला अजून वर दिसत होती.

आई कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेऊन आली होती. तिनं मला हाताला धरून काकूंच्या ओट्यावर नेलं. "पहिली आली वर्गात," ती म्हणाली. काकूंनी पेढा घेतला, अर्धा मोडून माझ्या तोंडात घातला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मागे डंपरनं पाठ उचलली, त्याचा आवाज आला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"त्या गांडुळाच्याच परीक्षेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो काकू."

"मग झालं की," त्या म्हणाल्या. "पास झालीस ना."

आई दुसरा पेढा पुढे करत होती. काकू नको म्हणाल्या, आणि मेथीच्या ज्या दोन जुड्या सकाळी काढून ठेवल्या होत्या त्या आईच्या हातात दिल्या. त्या वाफ्यातली ती शेवटची काढणी होती. आई ते जाणत नव्हती. तिनं नेहमीसारखं विचारलं, "कोवळी आहे का हो?"

"लई कोवळी हाय," काकू म्हणाल्या.